छोट्या गाडीची छोटी झाडं

शारजातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात गेली चार वर्षं एक रेल्वे स्टेशन आहे. सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद प्लायवुडच्या फळीवर ते वसलेलं आहे. पाहुणे आले की ते जेवणाच्या टेबलावर येतं आणि गेले की कपाटाच्या मागे उभं राहतं. "नवऱ्यानं दारूबिरूचं व्यसन केलं असतं तर जागा तरी कमी लागली असती," असं सौ. म्हणते. असो.

स्टेशन सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं, मोडनिंबचं. कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी छोटी गाडी, म्हणजे बार्शी लाइट रेल्वे, तिथं थांबायची. आमचं मूळ गाव तिथून जवळच. रूळ अंथरले, कौलारू इमारत केली, इंजिनही मनासारखं जमलं. मग झाडांची पाळी आली. दुबईतल्या एका छंदाच्या दुकानातून मी तयार झाडांचं पाकीट आणलं, लावलं आणि हौसेनं मित्रांना जेवायला बोलावलं. त्यातला एक पंढरपूरचा. त्यानं चष्मा वर करून फळी नीट पाहिली आणि विचारलं, "डॉक्टर, मोडनिंब कुलू-मनालीला कधी गेलं?"

पाकिटात सगळे सूचिपर्णी वृक्ष होते. माढ्याच्या काळ्या रानात मी देवदार उभे केले होते! त्या रात्री मी ती सगळी झाडं उपटली. तिथून पुढं जो उद्योग सुरू झाला त्याचीच ही हकीकत. मी पेशानं संगणकवाला, डॉक्टरेट अभियांत्रिकीतली. इतिहासाशी माझा संबंध शाळेपुरताच. पण एक बोटभर झाड खरं करायचं ठरवलं आणि इतिहासात कधी शिरलो ते कळलंच नाही.

झाडं विकत का मिळत नाहीत?

खेळण्यातल्या रेल्वेला शिस्त लावली ती जर्मनांनी. मर्क्लिन कंपनीनं १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांची रेल्वे मांडली. आज हवा तो डबा घ्यावा, मग आणखी रूळ घ्यावेत, अशी संसारासारखी हळूहळू वाढणारी रेल्वे आपल्याला मिळते, तिचं मूळ तिथं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर घरं, पूल, झाडं विकणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यातली फालर ही प्रसिद्ध कंपनी दोघा भावांनी १९४६ साली ग्यूटेनबाख या गावी काढली. गाव कुठलं, तर जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधलं! खिडकीतून दिसलं ते त्यांनी केलं. त्यांचा दोष काय? दोष असलाच तर आपल्या खिडकीतून दिसणारं आपण केलं नाही, हा.

पण खरंच केलं नाही का? दिवाळीतला किल्ला आठवा. अंगणात दगडमातीचा डोंगर, त्यावर हळीव किंवा मोहरी पेरायची, रोज पाणी शिंपडायचं, आणि नरकचतुर्दशीपर्यंत गडाला हिरवी झाडी. रुखवतात भुसा रंगवून केलेली बाग असायची. आपल्या घराघरांत हे छोटं जग होतंच, फक्त त्याला कुणी मोठं नाव दिलं नव्हतं. या छंदाला आपल्याकडे घर मिळवून दिलं ते पुण्याच्या भाऊ जोशी यांनी. कोथरूडमधलं त्यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. पुण्यातल्या सुट्टीत मी मुलीला घेऊन गेलो होतो. ती गाड्या बघत होती आणि मी काचेला नाक लावून झाडं.

काल्थ्रॉपसाहेबांची गाडी

बार्शी लाइटबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. एव्हरार्ड काल्थ्रॉप हे इंग्रज अभियंते १८८२ साली जीआयपी रेल्वेत इंजिन निरीक्षक म्हणून हिंदुस्थानात आले. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. मुख्य लोहमार्ग तिथून वीसेक मैल लांबून गेलेला, त्यामुळे माल बैलगाड्यांतून न्यावा लागे. काल्थ्रॉप यांनी हिशेब मांडला की रुळांत अडीच फूट अंतर ठेवलं आणि कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू दिला नाही, तर यार्डाला तीस पौंड वजनाच्या हलक्या रुळांवरूनही भक्कम वाहतूक होऊ शकते. १८९५ साली कंपनी निघाली आणि १८९७ साली गाडी धावली. पुढं १९०६ साली ती पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. एकूण सव्वातीनशे किलोमीटर. काल्थ्रॉपही १९२७ सालीच वारले. मधल्या काळात त्यांनी वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केलं होतं. गृहस्थ हरहुन्नरी होते.

१९५४ साली ही रेल्वे सरकारनं विकत घेतली. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्यानं सगळा मार्ग रुंद झाला आणि छोटी गाडी संपली. गैरसोय गेली, याचं दुःख करण्यात अर्थ नाही. पंढरपूरला आता मोठी गाडी जाते आणि वारकऱ्यांची सोय झाली.

या गाडीचा तांत्रिक इतिहास उत्तम उपलब्ध आहे. लीड्सच्या किट्सन कंपनीनं बांधलेली इंजिनं, त्यांच्या चाकांची मांडणी, डब्यांची मापं, सगळं छापील मिळतं. काल्थ्रॉप यांनी याच अनुभवावर इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड ही रेल्वे बांधली, त्यामुळे तिकडचे छंदी लोकही बार्शीचं नाव आदरानं घेतात. माझं मॉडेल १:८७ या प्रमाणात आहे. खरे रूळ ७६२ मिलिमीटर अंतरावर. भागाकार केला की पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. देव पावला!

पण झाडाचं काय? स्टेशनात कुठलं झाड होतं, हे एकाही पुस्तकात नाही. जुने फोटो पाहिले, तर फोटो काढणाऱ्यानं इंजिन नेमकं चौकटीत बसवलेलं आणि मागचं झाड बुंध्याच्या वर कापलेलं! इंजिनाला नंबर असतो, कारखाना असतो, जन्मसाल असतं. झाडाला यातलं काही नसतं. आणि माणसं मात्र इंजिनाखाली नव्हे, झाडाखाली बसलेली असतात.

तारेचं झाड

आधी झाड करायचं कसं ते सांगतो. कुणाला उपयोगी पडलं तर आनंदच आहे.

पूर्ण वाढलेलं कडुनिंबाचं झाड पंधरा मीटर उंच धरलं, तर आपलं झाड सतरा सेंटिमीटर होतं. त्याच्याखाली उभा माणूस दोन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. विजेच्या जुन्या वायरमधली बारीक तांब्याची तार काढायची. तिचे वीतभर लांबीचे बत्तीस तुकडे घ्यायचे. खालचं टोक बोटभर मोकळं सोडायचं, ती मुळं. त्यावर पिळा द्यायचा, तो बुंधा. मग बत्तीसचे सोळा-सोळा वेगळे करून पिळायचे, सोळाचे आठ-आठ, आठाचे चार-चार. शेवटी प्रत्येक तार एकटी उरते, ती डहाळी.

यात एक गंमत आहे. लिओनार्दो दा विंची यांनी आपल्या वहीत लिहून ठेवलं आहे, की झाडाच्या कुठल्याही उंचीवर सगळ्या फांद्यांची जाडी एकत्र केली तर ती बुंध्याच्या जाडीएवढी भरते. तारेच्या झाडात हा नियम आपोआप पाळला जातो, कारण तारा तेवढ्याच असतात, फक्त वाटल्या जातात. भावांच्या वाटण्या इतक्या सरळ होत नाहीत.

आमच्या संगणकाच्या धंद्यातही झाडं असतात. ती उलटी, मूळ वर आणि फांद्या खाली, गीतेतल्या अश्वत्थासारखी. आरिस्टिड लिंडेनमायर या जीवशास्त्रज्ञानं १९६८ साली वनस्पतींची वाढ सूत्रांत बसवली. तिच्यावरून प्रोग्रॅम लिहून मी फांद्यांचा आराखडा काढला आणि तसं पहिलं झाड वळलं. ते इतकं शिस्तीत आलं की सभेला बसल्यासारखं दिसायला लागलं. मग लक्षात आलं, आपल्याकडचं गावातलं झाड नुसतं वाढत नाही, ते वापरलं जातं. कुणी शेळ्यांसाठी डहाळ्या तोडतं, कुणी दातवणासाठी काडी मोडतं, एका फांदीला झोका बांधलेला असतो, एक तारायंत्राच्या तारांना लागते म्हणून छाटलेली असते. हे घाव घातले तेव्हा कुठं झाड आपल्या मुलखातलं वाटू लागलं.

सालीसाठी फेविकॉलमध्ये भिंतीची पुट्टी कालवून दोन हात द्यायचे आणि अर्धवट ओली असताना टाचणीनं उभ्या भेगा पाडायच्या. कडुनिंबाची साल राखाडी, बाभळीची जवळजवळ काळी. पानांसाठी लाकडाचा बारीक भुसा पोस्टर कलरमध्ये रंगवून वाळवायचा. कडुनिंबाची पाच सेंटिमीटरची पाती आपल्या मापात अर्ध्या मिलिमीटरहून थोडी मोठी होते, म्हणून भुसा चहाच्या गाळणीतून गाळायचा. (नवीन गाळणी आणावी. हा सल्ला अनुभवाचा आहे.) चिंचेचा घुमट दाट आणि खाली झुकलेला असतो. त्यासाठी वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचे तुकडे डहाळ्यांवर बसवून वर भुसा भुरभुरवायचा. बाभूळ विरळ हवी, तिच्यातून आकाश दिसलं पाहिजे. आणि खाली काळी माती? इथली वाळू पिवळी-तांबडी, तिचा उपयोग नाही. वापरलेली चहापूड उन्हात वाळवली की सोलापूरची जमीन तयार.

एका झाडाला चार संध्याकाळी लागतात.

लिंब की चिंच?

आता प्रश्न उरला तो फलाटावरच्या मुख्य झाडाचा. ते एकच मोठं झाड होतं यावर घरात एकमत होतं. मी स्वतः लहानपणी त्या गाडीतून गेलो आहे, पण मला फक्त सावली आठवते. बाबांना फोन केला. ते निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या घरात. म्हणाले, "अरे, चिंच होती. आम्ही चिंचा खायचो की तिथं." त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्का आत्याला, विचारलं तर ती ठामपणे म्हणाली, "लिंबाचं झाड हुतं. त्याला काय इचारायचं?" धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, गावाच्या नावातच निंब आहे, अजून काय पुरावा पाहिजे?"

नाव हा पुरावा होतो का? चिंचवड, पिंपळगाव, बाभूळगाव, बोरगाव, वडगाव. आपल्या गावांची यादी म्हणजे झाडांची हजेरीच आहे. पण नाव पडलं तेव्हाचं झाड, गाडी आली तेव्हा तिथं असेलच असं नाही. चिंचवडच्या फलाटावर कुणी चिंच लावायची की वड? चुलतभावाचा पुरावा मी फेटाळला.

हा वाद दीड वर्ष चालला. फळीवर मी त्या जागी एक भोक पाडून ठेवलं होतं. कुणी विचारलं की म्हणायचो, "इथं संशोधन चालू आहे."

मागच्या हिवाळ्यात बाबा आमच्याकडे राहायला आले. आईच्या माघारी ते पहिल्यांदाच इतके दिवस घराबाहेर होते. फारसं बोलत नसत. दिवसभर खिडकीशी बसून खालच्या पार्किंगकडे बघत. एका संध्याकाळी मी तारा पिळत बसलो होतो. ते शेजारी आले, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "फार घट्ट पिळतोस. झाड आहे, दोर नाही." माझ्या हातातून त्यांनी तार घेतली. दिवाळीत आम्हा पोरांना किल्ला करून देणारे हात ते. थरथरत होते, पण बुंधा त्यांनी असा वळवला की मला चार वर्षांत तसा जमला नव्हता.

मग रोज संध्याकाळी आम्ही दोघं बसू लागलो. तारा पिळता पिळता ते बोलू लागले. लहानपणी आजीबरोबर चैत्री वारीला छोट्या गाडीनं जायचे, इंजिन पाणी घेईपर्यंत झाडाखाली शिदोरी सुटायची. एकदा बोलता बोलता म्हणाले, "भाकरीवर बारीक पांढरी फुलं पडायची. आई ती फुंकून टाकायची. आक्का मात्र वेचून ओच्यात भरायची."

मी तार खाली ठेवली. चैत्री एकादशी म्हणजे मार्च-एप्रिल. चिंच फुलते ती साधारण मे महिन्यानंतर आणि तिची फुलं पिवळसर, त्यावर तांबड्या रेघा. चैत्रात पांढरा बारीक मोहोर गाळतो तो कडुनिंब, पाडव्याला आपण जो गुळाबरोबर खातो तोच. मी म्हटलं, "बाबा, मग ते लिंबाचं झाड झालं." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चिंचा... चिंचा ती बाई विकायला आणायची. टोपलीत. बरोबर." आणि हसले. आईच्या माघारी मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

आत्याला लगेच फोन लावला. ती म्हणाली, "मग मी काय सांगत हुते?"

ते झाड बाबांनीच केलं. चैत्रातलं, म्हणून पालवी थोडी तांबूस ठेवली, आणि मोहोरासाठी वर चिमूटभर रवा. परत जाताना ते भोकात त्यांनी स्वतःच्या हातानं रोवलं.

रुळांनी खाल्लेली झाडं

या उद्योगात एक गोष्ट मला नव्यानं कळली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या देशात रेल्वे आली आणि सगळ्यात आधी संपली ती झाडं. एक मैल रुळाखाली १,७६० ते २,००० लाकडी स्लीपर लागत. शिवाय सुरुवातीची इंजिनं कित्येक ठिकाणी लाकूडच जाळत. जंगलं इतक्या वेगानं गेली की सरकारलाच धास्ती पडली. १८६४ साली डिट्रिख ब्रँडिस या जर्मन तज्ज्ञाला पहिला वन महानिरीक्षक नेमलं, १८६५ साली वन कायदा झाला, १८७८ साली तो कडक झाला आणि रानावर जगणाऱ्या माणसांना रान बंद झालं. आपलं वनखातं एका अर्थी रेल्वेचं अपत्य आहे. खऱ्या रेल्वेनं झाडं घेतली. छोटी रेल्वे करणाऱ्यानं ती एकेक करून परत लावायची, हा मला न्याय वाटतो.

असा विचार करणारा मी पहिला नव्हे. रॉय इंग्लंड नावाचा तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियाहून ब्रिटनला आला. तिथली जुनी गवती छपरांची खेडी डोळ्यांदेखत बदलताना त्यानं पाहिली आणि ती जशीच्या तशी छोट्या मापात करून ठेवायची असा ध्यास घेतला. १९५४ साली ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटेनहॅम गावी त्यातून पेंडन संग्रहालय उभं राहिलं. १९९५ साली ते वारले, पण त्यांच्यामागं काम चालू राहिलं. गावकऱ्यांना जे रोजचं म्हणून दिसत नव्हतं ते परक्या माणसाला दिसलं. आपण परदेशी राहणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा.

खाली बघितलं तर

बाबा गेल्यानंतर मी एकदा ते बसत त्या खिडकीत जाऊन बसलो. खाली पार्किंगमध्ये ते दिवसभर काय बघत होते? कडेला एक झाड होतं. कडुनिंबाचं. चार वर्षं मी त्याच्या सावलीसाठी रोज धडपडून गाडी लावत होतो आणि त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. हल्ली त्याच्याच गळून पडलेल्या काटक्या मी बुंध्यांसाठी गोळा करतो.

वाळवंटात आल्यावर आपल्याला वाटतं, इथं झाडं कुठली? पण अल ऐनच्या वाटेवर दिसणारा गाफ म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमीच, शास्त्रीय नावसुद्धा एकच. २००८ साली इथल्या सरकारनं त्याला राष्ट्रीय वृक्षाचा मान दिला आणि २०१९ च्या सहिष्णुता वर्षाच्या बोधचिन्हावरही तोच होता. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं ठेवली ते झाड आपल्या आधीच इथं येऊन उभं होतं.

आता इथंही रेल्वे आली आहे. इतिहाद रेलची मालगाडी २०१६ पासून चालू आहे, आणि २०२३ साली सौदी सीमेपासून फुजैरापर्यंतचं जवळजवळ ९०० किलोमीटरचं जाळं मालवाहतुकीला खुलं झालं. पन्नास वर्षांनी कुणीतरी, कदाचित इथंच वाढलेलं आपलं एखादं नातवंड, या रेल्वेचं मॉडेल करायला बसेल. इंजिनांची मापं त्याला मिळतीलच. गाफ कुठं होता हे त्याला कोण सांगणार?

म्हणून वाचकांना एक विनंती. घरी जुने अल्बम असतील तर पुन्हा एकदा बघा. या वेळी माणसांच्या चेहऱ्यांमागं बघा. बार्शी लाइटच्या एखाद्या स्टेशनचा फोटो निघाला आणि त्यात कोपऱ्यात का होईना झाड असलं, तर मला जरूर कळवा, अजून पांगरीपासून लातूरपर्यंतची झाडं करायची आहेत. आणि घरात कुणी वडीलधारं असेल, तर त्यांना आजच फोन करून विचारा, "आपल्या अंगणात कुठलं झाड होतं हो?" उत्तर चुकीचं आलं तरी चालेल. बोलणं सुरू झालं की फुलं आपोआप पडायला लागतात.